इमानाची उजवी बाजू

वळ गावात विमानाला इमान म्हणतात. तसं म्हणू नये असं शाळेत शिकवतात, पण शाळा सुटली की विमानाचं पुन्हा इमान होतं. म्हणूनच त्र्याहत्तरच्या दिवाळीत जेव्हा गावाने ठरवलं, की नवशाचं स्मारक म्हणून शाळेच्या अंगणात विमानाची शेपटी उभी करायची, तेव्हा आठवड्याच्या आत तिचं बारसं होऊन गेलं. सगळे तिला इमानाचं शेपूट म्हणू लागले.

हे शेपूट रंगवायचं काम महादूकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. महादू पंधरा वर्षं एअरफोर्समध्ये काढून त्याच वर्षी गावी परतला होता आणि दापोड्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून ट्रक रंगवत होता. एअरफोर्समध्ये होता म्हटल्यावर लोकांना वाटे, हा विमान चालवत असणार. महादू सरळ सांगून टाकायचा, "चालवत न्हवतो, रंगवत व्हतो." ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. महादूला त्याचं काही वाटत नसे. विमान कुणीही चालवो, कुठलं विमान कुठलं हे ओळखतात ते शेपटीवरच्या नंबरावरून, आणि तो नंबर महादूच्या हातचा असायचा. हे तो कुणाला सांगत नसे, पण स्वतःशी मात्र रोज म्हणायचा.

अख्खं विमान उभं करणं गावाला झेपणारं नव्हतं, म्हणून शेपटीची कल्पना त्यानेच काढली. नवशाचं कामही तिथेच, शेपटीपाशीच चालायचं. नवशा म्हणजे बायजाबाईचा एकुलता एक मुलगा. त्याला एअरफोर्सच्या भरतीला महादूनेच नेलं आणि खटपट करून आपल्याच तुकडीत रंगकामाला घेतलं. एकाहत्तरच्या डिसेंबरात शत्रूची विमानं तळावर आली, तेव्हा सगळे खंदकात उतरले आणि नवशा मात्र उघड्यावर राहिलेल्या एका विमानावर जाळी ओढायला धावला. विमान वाचलं. नवशा गेला, आणि त्याची लोखंडी ट्रंक तेवढी वळ गावी आली.

तर ही शेपटी. महादूने ती सात फूट उंच करून घेतली, आत अँगलचा सांगाडा आणि वरून पत्रा. महिनाभर रोज संध्याकाळी हातातला ट्रक बाजूला ठेवून तो तिच्या कामाला बसायचा. प्रायमरचे दोन हात दिले, पॉलिशपेपर मारला, मग हिरवट करडा रंग, मग दोन्ही बाजूंना काळा नंबर, आणि वरच्या अंगाला केशरी, पांढरा, हिरवा असे तीन उभे पट्टे. पट्ट्यांच्या कडा इतक्या सरळ होत्या की त्यावर नख फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं.

बावीस जानेवारीला शाळेचे सावळाराम गुरुजी कौतुकाने शेपटी बघायला शेडमध्ये आले. डावीकडून बघून मान डोलावली. मग उजवीकडे गेले आणि तिथेच थबकले.

"महादू, हे काय रे?"

"काय गुरुजी?"

"त्या बाजूला केशरी, पांढरा, हिरवा. बरोबर आहे. या बाजूला हिरवा, पांढरा, केशरी. झेंडा उलटा काढलास तू."

महादूने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "उजवीकडनं तसाच असतो, गुरुजी. केशरी नाकाकडं. इमान जिकडं जातं तिकडं केशरी पुढं. डावीकडनं बगितलं तं नाक तुमच्या डाव्या हाताला येतं, उजवीकडनं बगितलं तं उजव्या. मंग केशरी बी तिकडंच जानार."

"अरे, पण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो."

"वाचायला नंबर दिलाय ना. पट्टे वाचायचे न्हाईत."

गुरुजी भले गृहस्थ होते. पण हिशेबात एकदा हातचा विसरला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, आणि इथे सुरुवात कुठून करावी हेच त्यांना कळेना. ते शेपटीभोवती तीनदा फिरले. फिरून झाल्यावर ते सरळ केसरीनाथ शेटकडे गेले.

केसरीनाथ शेट स्मारक समितीचे अध्यक्ष. खाडीकडची जमीन, दोन गोदामं, तीन ट्रक, आणि तिन्ही ट्रक महादूच्या हातचे. माणूस वाईट नव्हता. पण गेल्या पंधरा ऑगस्टला चौकात झेंड्याची दोरी त्यांनीच ओढली होती, गाठ गुरुजींनी मारली होती, आणि झेंडा उलगडला तो हिरवा वर करून. तेव्हा गाव जे हसलं, ते अजून पुरतं थांबलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसे हे दोघे तेव्हापासून तीन रंग कुठे दिसले की आधी घाबरत आणि मग बघत. त्यात सव्वीस तारखेला तहसीलदार येणार होते.

संध्याकाळी शेट स्वतः शेडवर आले. उभ्या उभ्याच बोलले.

"महादू, उजवी बाजू डावीसारखी कर."

"डावीसारखीच हाय, शेट. दोनी बाजूला केशरी पुढं हाय."

"मना डोले हायेत."

"डोले हायेत, पन तुमी उभं राहून बगताय. इमान उभं राहन्यासाठी नसतं."

"तुज्याकडं कायी सरकारी कागद हाय? असाच काढायचा म्हनून लिवलेला?"

कागद नव्हता. पंधरा वर्षांत महादूने हाताने किती पट्टे ओढले त्याची मोजदाद नव्हती, पण कागदावरचा नियम तळावरच्या कपाटात राहिला होता आणि तो तळ तिकडे पंजाबात. पत्र टाकलं तर उत्तर होळीपर्यंत येणार.

"हत्ती गेला नि शेपटाला अडलास," शेट म्हणाले. त्यांना आपलाच विनोद थोडा आवडला. पण लगेच चेहरा गंभीर करून ते म्हणाले, "बग बाबा. पंचवीस तारखेला सकाली मी गाडी पाठवतो. तवर तू बदललंस तं चांगलं. न्हाय तं भिवंडीवरनं अन्सारी पेंटरला बोलावलंय. तो घटकाभरात उजवी बाजू सारखी करल."

"शेट," महादू म्हणाला, "तुमच्या गाडीवर काय लिवायचं ते तुमी सांगा, मी लिवतो. मागच्या फाल्क्यावर मोर सांगितलात, मोर काढला. बदक सांगितलं असतं तं बदक काढलं असतं. पन ही बाजू मी बदलनार न्हाय, नि कोनाला बदलू बी देनार न्हाय."

बोलून तर बसला. शेट गेल्यावर मात्र महादू शेडच्या उंबऱ्यावर टेकला आणि त्याला जाणवलं, की आपल्या हातात काही नाही. शेपटी गावाची होती, अंगण शाळेचं होतं, आणि अन्सारीच्या हातात डबा असणार होता. महादूपाशी फक्त 'न्हाय' एवढा एक शब्द होता.

केशरी मागे गेला तर काय बिघडतं, असं गावात कुणीही विचारलं असतं. महादूला ते सांगता येत होतं, पण तो सांगत नव्हता. केशरी मागे, म्हणजे विमान मागे चाललंय. पळून चाललंय. जो पोरगा सगळे खंदकाकडे पळत असताना उलट्या दिशेने विमानाकडे धावला, त्याच्या नावाने शाळेच्या अंगणात जन्मभर एक पळपुटं विमान उभं राहणार होतं. आणि तेही महादूच्या हाताखालून गेलेलं. नवशाने शेपूट घातलं नव्हतं. आता त्याच्या शेपटाला हे लोक पळायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी तो बायजाबाईकडे गेला. त्याला नवशाचा एक फोटो आठवत होता, विमानाशेजारी उभा राहून काढलेला. फोटोत उजवी बाजू दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

बायजाबाई ओटीवर सुकी मासळी निवडत होती. साठीची बाई, बोलणं थोडं आणि तेही तोडून. महादूने सगळं सांगितलं. तिने हात धुतले, आत गेली आणि ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नवशाचं नाव होतं, आणि तेही महादूच्याच हातचं.

फोटो निघाला. नशिबाने बाजू उजवीच होती. नवशा दात काढून हसत होता, त्याच्या डोक्यावर तिन्ही पट्टे स्वच्छ दिसत होते, आणि फोटो काळापांढरा होता. पांढरा पट्टा पांढरा. केशरी करडा, हिरवाही करडा. महादूने तो उन्हात धरला, तिरका धरला, डोळ्याला लावला. करड्याचा केशरी काही होईना.

"दोन्ही सारकेच दिसतायत," बायजाबाई म्हणाली.

"हां काकी."

फोटो परत ठेवताना गणवेशाच्या घडीतून काहीतरी घसरून खाली पडलं. हाताच्या पंजाएवढी एक काळी फिल्म, एक्स-रेची. तिच्यात कुणाच्या तरी बरगड्या अजून दिसत होत्या, आणि बरगड्यांच्या मधोमध मासा कापून काढलेला होता. फुगीर डोळे वर, पाठीवर पंख उभा, शेपटी वळलेली.

"हे काय ते मना कदी कललं न्हाय," बायजाबाई म्हणाली. "त्याच्या सामानात आलं. मासा दिसतो म्हनून ठेवलं. निवटी हाय ना ती?"

निवटीच होती. खाडीच्या चिखलात ओहोटीला टुणटुण उड्या मारते ती निवटी. महादूने फिल्म हातात घेऊन उजेडाकडे धरली. ती हरवली असंच तो दोन वर्षं धरून चालला होता.

"काकी, ही मी त्याला पुसायला लावली व्हती," तो म्हणाला. "न्हाय, त्याला न्हाय लावली. मीच पुसली."

मग त्याने सांगितलं. तळावर विमानांना आपापली खूण काढायची हौस पोरांना फार असते, पण नियमात बसत नाही. नवशाला वाटायचं, आपण ज्या विमानाची शेपटी रंगवतो तिच्यावर आपल्या खाडीचं काहीतरी असावं. म्हणायचा, "दादूस, निवटी पान्यात राहते, चिखलात चालते, नि डिवचली का उडते. इमानाला दुसरं काय पायजे?" दवाखान्यातून टाकाऊ फिल्म आणून त्याने ठसा कापला आणि पिवळ्या रंगाने नंबराखाली निवटी मारली. डाव्या बाजूला मस्त आली. मग उजवीकडे जाऊन तीच फिल्म तशीच टेकवली, आणि निवटीचं तोंड गेलं मागे. महादू तेव्हा पोट धरून हसला होता. "अरे, तुजी निवटी काय मागं उडते? ठसा उलटा कर. उलटा केल्याबिगर उजवी बाजू सुलटी व्हत न्हाय." नवशाने फिल्म उलटून पुन्हा मारली. फिल्मच्या दोन्ही अंगांना पिवळा रंग लागला होता, तो त्याचाच.

"मंग?"

"मंग दोन दिवसांनी साहेबांची पाहनी आली. साहेब बोलले, हे पुसा. मी सार्जंट. थिनरच्या चिंध्यांचा बोला घेतला नि पुसली, दोन्हीकडची. नवशा बाजूला उभा व्हता. बोलला, पुसा दादूस, लढाई संपली का परत काढू." महादूने फिल्म जमिनीवर ठेवली. "तिथनं तेराव्या दिवशी तो गेला."

ओटीवरची मांजर सुक्या मासळीकडे सरकत होती. बायजाबाईने तिला हाकललं नाही. तिने फिल्म उचलली, आधी एका अंगाने बघितली, मग दुसऱ्या अंगाने, आणि दोन्हीकडच्या पिवळ्या डागांवरून बोट फिरवलं.

"शेपटावर ही काढायची," ती म्हणाली. "पन तू न्हाय. तू पुसलीस. मी काढीन."

"काढा काकी. पन अन्सारी आला तं पट्टे..."

"तू पट्ट्यांचं बग. मी निवटीचं बगते."

पट्ट्यांचं बघायला महादूने एक युक्ती काढली. विमान उभं असताना लोकांना पटत नाही ना, मग ते चालवून दाखवायचं. शेटची गाडी येईल तेव्हा शेपटी तिच्यावर नाक पुढे करून उभी बांधायची आणि गावातून सावकाश न्यायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहतील. डावीकडच्यांनाही केशरी पुढे जाताना दिसेल, उजवीकडच्यांनाही. डोळ्यांनी बघितल्यावर कोण काय बोलणार? शेटचा ड्रायव्हर विठू लगेच तयार झाला. "एकदम धीम्या गाडीनं नेतो," म्हणाला.

पंचवीसला सकाळी शेपटी दोरखंडांनी गाडीवर चढली. महादू लोकांना बोलवायला पुढे गेला. दारादारातून हाका मारत त्याने शाळेच्या गल्लीत शंभरेक माणूस दोन्ही अंगांना उभं केलं. शेट आणि गुरुजीही येऊन उभे राहिले. "बगा आता," महादू म्हणाला, "केशरी पुढं कसा येतो ते." आणि तो वळणाकडे बघत छाती काढून उभा राहिला.

वळणावरून गाडी आली ती पाठमोरी.

त्याचं असं, की शाळेची गल्ली पुढे बंद. आत गाडी वळत नाही. म्हणून तिथे माल टाकायला येणारी प्रत्येक गाडी रिव्हर्समध्येच आत घेतात, आणि भिवंडीच्या आसपासचे ड्रायव्हर आयुष्यात जेवढे पुढे जातात त्याहून जास्त मागे जातात. विठूने सवयीने वळणावर गाडी फिरवली आणि आरशात बघत, अगदी धीम्या गाडीने, कबूल केल्याप्रमाणे तो शेपटी आत आणू लागला. दोन्ही अंगांच्या लोकांनी डोळे फाडून बघितलं. दोन्ही अंगांना सगळ्यात पुढे हिरवा होता.

गल्ली अशी हसली की पंधरा ऑगस्ट फिका पडला. "आन दे, आन दे," कुणीतरी गाडी मागे घेणाऱ्या क्लिनरसारखं ओरडलं. महादू धावत जाऊन बॉनेटवर हात आपटत होता, विठू खिडकीतून तोंड काढून "काय झालं, लागली काय?" विचारत होता. झालं ते झालंच होतं. महादूला त्या क्षणी विठूचा, गल्लीचा आणि स्वतःच्या युक्तीचा इतका राग आला की त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

हसले नाहीत ते एकटे सावळाराम गुरुजी. ते काहीतरी पुटपुटत होते. "दोन्हीकडून हिरवा पुढे," ते शेटना म्हणाले. "म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आहेत हो. गाडीच तेवढी मागे येत होती."

"गुरुजी, तुमी गप ऱ्हा," शेट म्हणाले. "गाठ तुमीच मारली व्हती."

शेपटी शाळेच्या अंगणातल्या ओट्यावर चढवली, बोल्ट आवळले. अन्सारी पेंटर कडुनिंबाखाली डबे घेऊन बसलाच होता. भिवंडीतल्या सिनेमाच्या पाट्या रंगवणारा तो जाणता कारागीर. उठला, उजव्या बाजूला गेला आणि पट्ट्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"टेप लगाके खींचा है?" त्याने महादूला विचारलं.

"पैला कोट टेप लगाके. दूसरा खाली हाथसे."

अन्सारीने पुन्हा अंगठा फिरवला. "शेटजी," तो म्हणाला, "आप लोग पहले तय कर लो. मिटाना तो एक मिनट का काम है."

"तय झालंय," शेट म्हणाले.

महादू ओट्यावर चढला आणि उजव्या बाजूला पाठ लावून उभा राहिला. "अन्सारीभाई, तुमसे मेरा झगडा नहीं. मगर ब्रश मारना है तो मेरे शर्ट पे मारो."

शेटचा आवाज चढला, महादूचा मुळीच चढला नाही, तो तिथून हललाही नाही. हा प्रकार किती वेळ चालला असता कोण जाणे. पण गर्दी बाजूला झाली आणि बायजाबाई आली. धुवट लुगडं, एका हातात फिल्म, दुसऱ्या हातात चिंध्यांचा बोळा.

"पैली निवटी," ती म्हणाली. "मंग तुमचं काय ते भांडन."

शहिदाच्या आईला कोण नाही म्हणणार? शेट मागे सरले. महादूने पिवळ्या रंगाचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. ती आधी डाव्या बाजूला गेली. नंबराखाली फिल्म टेकवली, बोळा बुडवून दाबला, फिल्म उचलली. पिवळी निवटी उमटली, तोंड नाकाकडे, जणू आत्ताच चिखलातून उडी मारतेय. बायका पुढे सरकून बघू लागल्या. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला.

मग बायजाबाई उजवीकडे आली. महादू बाजूला झाला. तिने तीच फिल्म तशीच टेकवली आणि हात तिथे ठेवून मागे वळून बघितलं.

"काकी, तोंड मागं झालं," एक बाई म्हणाली.

"मागं?" बायजाबाईने विचारलं. तिची नजर त्या बाईवर नव्हती, शेटवर होती. "केसरीनाथ, तूच सांग रं. बरोबर हाय ना? त्या अंगाला लावली तशीच लावलीय. हाताला हात सारकी."

शेट गर्दीतून पुढे आले. कुणी सल्ला विचारला की त्यांना राहवत नसे. त्यांनी मान वाकडी करून फिल्मकडे बघितलं. "न्हाय काकी, ती मागं चाललीय. इमान तिकडं नि मासा इकडं, असं कसं? उलटी करा ती."

"उलटी करू?"

"करा की."

"झेंडा उलटा केला तं तू महादूवर पेंटर घातलास. नि मना उलटी कर सांगतोस?"

"काकी, उलटी केल्याबिगर ती सुलटी कशी..." शेट म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून वरच्या पट्ट्यांकडे बघू लागले.

बायजाबाईने फिल्म उलटली, टेकवली, बोळा दाबला. उजव्या बाजूची निवटीही तोंड पुढे करून उमटली, आणि तिच्या डोक्यावर केशरी पट्टा तिच्याच दिशेने पुढे होता. सावळाराम गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. अन्सारीने डब्याचं झाकण ठोकून बसवलं, शेटनी सांगायची वाटही बघितली नाही.

"माजा पोऱ्या मागं पलाला न्हवता," बायजाबाई शेटना म्हणाली. आवाज साधाच होता. "त्याचं इमान बी मागं जानार न्हाय."

तिने कुठलं इमान म्हटलं, ते कुणी विचारलं नाही. वळमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे.

शेटनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "महादू," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच."

सव्वीस तारखेला सकाळी केसरीनाथ शेट येईल त्याला शेपटीभोवती फिरवून समजावत होते, की उजवीकडून केशरी असाच असतो, इमान जिकडं जातं तिकडं केशरी पुढं, पट्टे वाचायचे नसतात. ऐकणाऱ्याला वाटावं, पंधरा वर्षं एअरफोर्समध्ये हेच होते. गुरुजींनी झेंड्याची गाठ चारदा तपासली. तहसीलदारांची जीप नाक्यावर आल्याची वर्दी आली, आणि शेटची नजर उजव्या बाजूच्या निवटीवर गेली. बायजाबाईचा बोळा तिथे जरा जास्तच भिजलेला असावा. निवटीच्या गळ्याखाली रंगाचा एक ओघळ उतरून अर्ध्यावर थांबला होता.

"महादू, तो ओघल पुसून घे. साहेब येतायत."

महादूचा हात सवयीने खिशात गेला. थिनरचा बोळा खिशात होता, पेंटरच्या खिशात तो असतोच. रंग अजून कोवळा होता, एका हाताने साफ निघाला असता. तो ओट्यावर चढला आणि बोळा निवटीजवळ नेला. अंगणाच्या कडेला बायजाबाई फोटो पदराखाली धरून उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"महादू, जीप आली."

"न्हाय शेट," महादू म्हणाला. "साहेब येतात म्हनून एकदा पुसली."

त्याने बोळा परत खिशात घातला, खाली उतरला आणि शेपटीच्या उजव्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे, सावधान उभा राहिला.